म्हाताऱ्यांचा फरक कोण खातो?

दोस्तांनो, संपादकानं माझ्याकडं कविता मागितली होती. ती पुढच्या अंकात देईन. या वेळी हिशेब मांडतो. हा हिशेब आपल्या बापाचा, चुलत्याचा आहे आणि तो मांडायला ना पुढाऱ्याला वेळ आहे ना प्राध्यापकाला.

विषयाचं नाव कालबद्ध पदोन्नती. नाव ऐकल्याबरोबर आपली पोरं पान उलटतात. सरकारी नोकरदारांचं रडगाणं म्हणतात, भरल्या पोटाची ढेकर म्हणतात. पण पेण-रोह्याकडच्या बौद्धवाड्यांतून, आदिवासी वाड्यांतून जरा फिरा. पेन्शनीत निघालेला शिपाई, पहारेकरी, रस्त्यावरचा मजूर, पालिकेचा सफाई कामगार भेटेल. त्याला विचारा, "काका, कालबद्ध मिळाली का?" एक सांगेल, बारा वर्षांची मिळाली, चोवीसची नाही. दुसरा सांगेल, मिळाली होती, पण निवृत्त होताना परत कापून घेतली. तिसरा नुसतं म्हणेल, "कोर्टात हाय." आणि गप्प बसेल.

आधी ही भानगड काय ती समजून घेऊ.

सरकारी नोकरीत खालच्या माणसाला वर चढायला शिडीच नसते. शिपायाला नाईक व्हायचं तर नाईकाची जागा रिकामी पाहिजे. जागा थोड्या, माणसं पुष्कळ. म्हणून माणूस शिपाई म्हणून लागतो आणि शिपाई म्हणूनच घरी जातो. यावर तोड म्हणून ८ जून १९९५ चा जीआर निघाला आणि तो १ ऑक्टोबर १९९४ पासून लागू धरला गेला. गट क आणि गट ड मधल्या माणसानं एकाच पदावर बारा वर्षं काढली आणि बढती मिळाली नाही, तर त्याला वरच्या पदाची वेतनश्रेणी द्यायची. काम तेच, खुर्ची तीच, पगार वरचा. २००१ साली या योजनेचं नाव बदललं आणि सेवांतर्गत आश्वासित प्रगती योजना झालं. १ एप्रिल २०१० च्या जीआरनं पुढच्या बारा वर्षांनंतरचा दुसरा लाभ दिला, तो १ ऑक्टोबर २००६ पासून. सातवा वेतन आयोग आल्यावर २ मार्च २०१९ ला आणखी एक जीआर निघाला. त्यात दहा, वीस आणि तीस वर्षांनी असे तीन लाभ झाले आणि ते १ जानेवारी २०१६ पासून धरले.

कागदावर बघाल तर झकास. आश्वासित प्रगती. म्हणजे सरकारनं शब्द दिलेला आहे. आता हा शब्द माणसापर्यंत कसा पोचतो ते बघा.

हा लाभ माणसानं भीक मागितल्यासारखा मागायचा नसतो. बारा वर्षं भरली की कचेरीनं आपणहून प्रस्ताव करायचा, सेवाज्येष्ठता बघायची, गोपनीय अहवाल बघायचे, समितीपुढं ठेवायचं आणि आदेश काढायचा. म्हणजे सगळी किल्ली आस्थापनेच्या टेबलाकडं. सर्व्हिस बुक कपाटात, कपाट बाबूच्या ताब्यात. आणि गोपनीय अहवाल कोण लिहितो? साहेब लिहितो. साहेबानं लिहिलाच नाही तर? तर शिक्षा शिपायाला!

माझा चुलता पेणच्या एका कचेरीत शिपाई होता. १९७८ ला लागला, २०१२ ला निघाला. चौतीस वर्षं दुसऱ्यांच्या फायली या टेबलावरून त्या टेबलावर नेल्या. १९९० ला त्याची बारा वर्षं भरली होती, म्हणजे योजना लागू झाल्या दिवशी, १ ऑक्टोबर १९९४ ला, तो पात्र होता. कचेरीनं सांगितलं, तुझे तीन वर्षांचे अहवाल सापडत नाहीत. ज्या साहेबांनी लिहायचे ते बदलून गेलेले. पहिला लाभ त्याच्या हातात पडला तो २००३ पासूनचा. वरवर बघणाऱ्याला वाटेल, नऊ वर्षं उशीर झाला, पण मिळाला ना? आता पुढचं गणित करा. दुसरा लाभ पहिल्यानंतर बारा वर्षांनी. पहिला १९९४ चा धरला असता तर दुसरा बरोबर २००६ ला बसत होता. पहिला २००३ चा धरल्यावर दुसरा जातो २०१५ ला. चुलता २०१२ ला निवृत्त. म्हणजे एका उशिरानं दोन लाभ खाल्ले. पगार कमी, म्हणून पेन्शन कमी, म्हणून ग्रॅच्युइटी कमी. उद्या तो गेल्यावर चुलतीची कुटुंब पेन्शनही त्याच कमी पगारावर निघणार. एका अहवालावर एका साहेबानं सही केली नाही, आणि त्याचा भुर्दंड बाईनं विधवा झाल्यावरसुद्धा भरायचा.

ही एकट्या चुलत्याची गोष्ट असती तर मी छापायला दिली नसती. यंत्रच असं चालतं म्हणून सांगतोय.

रोजंदारी मजुरांचं तर आणखी तिरपागडं. बांधकाम आणि पाटबंधारे खात्यांच्या मजुरांसाठी १९६७ चा कालेलकर करार आहे. मस्टरवर सलग पाच वर्षं काढलेल्या माणसाला रूपांतरित अस्थायी आस्थापनेवर घ्यायचं असं त्यात ठरलं. माणूस रूपांतरित झाला तरी अस्थायीच! मग त्याची बारा वर्षं कुठून मोजायची? मस्टरच्या पहिल्या दिवसापासून की रूपांतर झाल्यापासून? या एका प्रश्नावर माणसं कोर्टाच्या पायऱ्या चढतात. कुंडलिकेवरचा डोलवहाळ बंधारा आणि त्याचे कालवे, पेणचं हेटवणे धरण ही कामं असल्याच हातांनी उभी राहिली. हेटवण्याचं पाणी नवी मुंबईच्या नळांना पोचलं. ज्यांनी माती वाहिली त्यांचा पहिला दिवस कुठला, हे मात्र ठरता ठरत नाही.

आता कोर्टाकडं वळू. न्याय तिथं मिळतो म्हणतात. मिळतो. किती मिळतो ते बघा.

१७ डिसेंबर १९८२ ला सुप्रीम कोर्टानं नकारा खटल्यात सांगितलं की पेन्शन ही मालकाच्या मर्जीची बक्षिसी नव्हे, तो कामगाराचा हक्क आहे. म्हणून १७ डिसेंबर हा पेन्शनर दिन झाला. हार, नारळ, भाषणं. त्यानंतर २००८ साली तरसेम सिंग खटला आला. त्यात कोर्टानं म्हटलं, चुकीच्या पगारामुळं किंवा पेन्शनीमुळं होणारं नुकसान दर महिन्याला नव्यानं होतं, म्हणून उशिरा आलात तरी दार बंद नाही. ठीक. पण फरक, म्हणजे थकलेली रक्कम, सर्वसाधारणपणे अर्ज करण्याआधीच्या तीन वर्षांपुरतीच.

या तीन वर्षांत सगळी मेख आहे. समजा एका माणसाला महिन्याला पाचशे रुपये कमी मिळाले आणि हे पंधरा वर्षं चाललं. झाले नव्वद हजार. महागाई भत्ता धरतच नाही. सोळाव्या वर्षाच्या तोंडाशी म्हातारा वकिलाकडं गेला आणि केस जिंकला. त्याला मिळणार तीन वर्षांचे अठरा हजार. उरलेले बहात्तर हजार सरकारकडं राहिले. केस हरून सरकार बहात्तर हजार कमावून बसलं! आणि जो म्हातारा कोर्टात गेलाच नाही, त्याचे नव्वदच्या नव्वद हजार खिशात. असा धंदा सावकाराला तरी जमला का? सावकार निदान वहीत खोटं लिहायचा. इथं काही लिहायचंच नाही, नुसतं लिहायचं राहू द्यायचं.

म्हणून मी म्हणतो, उशीर झाला ही भाषाच सोडा. उशीर केला जातो, कारण उशिरात पैसा आहे. एखादा बाबू हे ठरवून करत नसेलही. त्याला ठरवायची गरजच नाही. फाईल हलवली नाही तर त्याचं काही जात नाही आणि तिजोरीचं भलंच होतं.

यावर कायदा नाही म्हणता? आहे! फाईल अडवण्याविरुद्ध खास महाराष्ट्राचा कायदा आहे, २००५ सालचा. बदल्यांचं विनियमन आणि शासकीय कर्तव्यातल्या विलंबाला प्रतिबंध असं त्याचं लांबलचक नाव. कुठलीही फाईल सर्वसाधारणपणे कुणाही कर्मचाऱ्याकडं सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त राहता कामा नये, असं त्यात लिहिलंय. सात दिवस! आमच्या म्हाताऱ्यांच्या फायलींवर सात सात पावसाळे गेले. त्यापायी कुणा साहेबाचा पगार कापल्याचं तुम्ही कधी ऐकलंत?

उलट कापाकापी म्हाताऱ्याचीच. निवृत्तीच्या वेळी सर्व्हिस बुक वेतन पडताळणीला जातं. तिथं कळतं की वीस वर्षांपूर्वी पगार चुकीचा बसवला होता. बसवला कचेरीनं, सही साहेबाची, वसुली शिपायाच्या ग्रॅच्युइटीतून. सुप्रीम कोर्टानं डिसेंबर २०१४ मध्ये रफिक मसीह खटल्यात स्पष्ट सांगितलं की खालच्या दोन वर्गांतल्या कर्मचाऱ्यांकडून, निवृत्त झालेल्यांकडून, वर्षभरात निवृत्त होणाऱ्यांकडून अशी वसुली करायची नाही. तरी वसुलीचे कागद निघतात. कारण कागद काढायला काही लागत नाही, तो रद्द करून घ्यायला वकील लागतो.

आणि वकील कुठं? राज्य सरकारचा माणूस असेल तर महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात, म्हणजे मॅटमध्ये. ते १९९१ पासून मुंबई, नागपूर आणि औरंगाबाद म्हणजे आजचं छत्रपती संभाजीनगर इथं बसतं. मॅटच्या निकालावर हायकोर्ट, हे १९९७ च्या चंद्रकुमार खटल्यानं ठरलेलं. हायकोर्टावर सुप्रीम कोर्ट. जिल्हा परिषदेचा माणूस असेल तर त्याला मॅट नाही, त्यानं सरळ हायकोर्ट गाठायचं. रोह्याच्या म्हाताऱ्यानं पहाटेची दिव्याची गाडी धरायची, तिथून लोकल, लोकलमधून कोर्ट, आणि कोर्टात पाटी वाचायची: पुढची तारीख. सरकारी वकिलाला तारखेचे पैसे मिळतात. म्हाताऱ्याचे जातात.

बरं, एक म्हातारा जिंकला तर बाकीच्यांचं काय? इथं दुसरी मेख आहे. त्याच कचेरीत, त्याच दिवशी लागलेल्या, तसाच अन्याय झालेल्या दुसऱ्या शिपायाला सांगतात, तू कोर्टात गेला नव्हतास, निकाल तुला लागू नाही. सुप्रीम कोर्टानं २०१४ च्या अरविंदकुमार श्रीवास्तव खटल्यात नियम म्हणून असं सांगितलं की सारख्या माणसांना सारखाच लाभ द्यावा. पण लगेच अपवादही सांगितला की जे कुंपणावर बसून मजा बघत राहिले, दुसरा जिंकल्यावर जागे झाले, त्यांना नाही. कुंपणावर बसलेले! अरे, आमची माणसं कुंपणावर कधी बसली? ती पिढ्यान् पिढ्या कुंपणाबाहेर होती. रोह्याचा सफाई कामगार मुंबईतल्या निकालाची वाट बघत मजा मारत होता असं ज्याला वाटतं, त्यानं एकदा त्याच्याबरोबर गटारात उतरून बघावं.

गंमत म्हणजे २०१७ साली सरकारनंच परिपत्रक काढलंय की मॅटनं एखादं तत्त्व ठरवलं असेल तर तशाच इतर कर्मचाऱ्यांना कोर्टात न पाठवता लाभ द्यावा. कागद आहे. कागदावर सगळं आहे या राज्यात.

आता जातीचं बोलू, नाहीतर कुणी म्हणेल हा नुसता कामगारांचा प्रश्न. गट ड म्हणजे कोण? कुठल्याही नगरपालिकेच्या सफाईच्या हजेरीपटावरची आडनावं वाचा आणि मग वरच्या मजल्यावरच्या दारांवरच्या पाट्या वाचा. आपली माणसं तळाला भरती झाली. वर जायची एक वाट पदोन्नतीतल्या आरक्षणाची होती. त्याचा २००४ चा जीआर मुंबई हायकोर्टानं ४ ऑगस्ट २०१७ ला रद्द केला. ७ मे २०२१ च्या जीआरनं बढतीच्या सगळ्या जागा सेवाज्येष्ठतेनं भरायचं ठरवलं. म्हणजे खरी बढती अडली. मागं उरली ती कालबद्ध. खुर्ची नाही तर निदान खुर्चीचा पगार. तोही म्हातारपणी कोर्टातून ओढून काढायचा.

हे नवं आहे का? महार वतन आठवा. गावात सरकारचं काम महारानं करायचं, टपाल न्यायचं, साहेबाच्या घोड्यापुढं पळायचं, आणि मोबदला म्हणून जमिनीचा तुकडा नि गावाच्या दारातलं बलुतं. राबवणारं सरकार, पण धड पगार द्यायला सरकार नाही. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतनाविरुद्ध बिल आणलं ते याच हरामखोरीवर. कनिष्ठ वतनं खालसा करणारा कायदा झाला तो १९५८ ला. म्हणजे तीस वर्षं. वतन गेलं, पण सरकारची सवय गेली नाही. राबवून घ्यायचं आज, द्यायचं केव्हातरी.

आपल्यातले काही कडक कार्यकर्ते म्हणतील, कोर्टकचेरीनं क्रांती होत नाही. हे नोकरदार चळवळीत कधी आले नाहीत, त्यांचं ओझं आपण का वाहायचं? दोन्हीचं उत्तर देतो.

पहिलं. आपल्याच जिल्ह्यात महाड आहे. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं, हे शाळकरी पोराला माहीत असतं. पुढचं माहीत नसतं. डिसेंबर १९२७ मध्ये सवर्णांनी दिवाणी दावा लावला की तळं खाजगी आहे, आणि मनाईहुकूम आणला. ती केस महाडहून ठाण्याला आणि तिथून हायकोर्टात गेली. निकाल लागला १७ मार्च १९३७ ला. सव्वानऊ वर्षं. बाबासाहेब ती सव्वानऊ वर्षं कोर्टात लढले आणि त्याच काळात रस्त्यावरही लढले. कोर्ट की रस्ता, असलं भांडण त्यांनी केलं नाही. आणखी एक बघा. तो दावा बाबासाहेब आणि त्यांच्या साथीदारांवर अस्पृश्यांचे प्रतिनिधी म्हणून लावलेला होता. म्हणून निकाल एका माणसाचा झाला नाही, सगळ्यांचा झाला. एकट्या आंबेडकरांना पाणी प्यायची परवानगी मिळाली, बाकीच्यांनी आपापला वकील बघावा, असं कुणाला म्हणता आलं नाही. आज शिपायांच्या बाबतीत सरकार नेमकं तेच म्हणतंय.

दुसरं. बंगला बांधून वस्ती विसरलेला क्लास वन साहेब आणि गट ड चा म्हातारा यांना एका पिशवीत घालू नका. साहेबाची फाईल अडत नाही. त्याला मंत्रालयात ओळख असते. अडतो तो ज्याला जीआर वाचता येत नाही.

आणि आपलं काय, तेही बोला. १ नोव्हेंबर २००५ नंतर जो सरकारी नोकरीत लागला त्याची जुनी पेन्शन गेली. मार्च २०२३ मध्ये लाखो कर्मचारी त्यासाठी संपावर गेले. त्याच वर्षी सप्टेंबरात सरकारनं खाजगी एजन्सींमार्फत कंत्राटी भरतीचा जीआर काढला, ओरड झाल्यावर ऑक्टोबरात मागं घेतला. मागं घेतला म्हणून नियत बदलली नाही. मी स्वतः खाडीवरच्या एका धक्क्यावर ठेकेदाराकडं राबतो. मला सर्व्हिस बुक नाही. ठेकेदाराची एक वही आहे आणि ती त्याच्या गाडीच्या डिकीत असते. माझी बारा वर्षं कोण मोजणार? ज्याच्याकडं सर्व्हिस बुक आहे, जीआर आहे, सुप्रीम कोर्टाचे निकाल आहेत, त्याचा पैसा जर सरकार पचवू शकतं, तर तुमच्या-माझ्यासारख्या वहीतल्या माणसाचं काय? म्हाताऱ्यांची लढाई हरली तर आपली सुरूच होणार नाही.

म्हणून मागण्या साध्या ठेवा. एक, कालबद्धचा एक निकाल लागला की त्याच परिस्थितीतल्या सगळ्यांना तो लागू, अर्ज न मागता. दोन, उशीर कचेरीचा असेल तर फरक पहिल्या दिवसापासून आणि व्याजासकट, तीन वर्षांची कात्री नको. तीन, व्याजाचा पैसा ज्याच्या टेबलावर फाईल सडली त्याच्या पगारातून. चार, दर वर्षी प्रत्येक कर्मचाऱ्याच्या हातात त्याच्या सर्व्हिस बुकाची नक्कल.

आणि मागण्या छापून घरी बसू नका. तुमच्यातले कित्येक जण शिकलेत, मी मॅट्रिकवाला आहे, मला जमलं ते तुम्हाला जमेल. पेण आणि रोहा, दोन तालुके घ्या. वाडीवाडीत जाऊन यादी करा: कधी लागला, कधी निवृत्त झाला, पहिला लाभ कोणत्या तारखेपासून, दुसरा कोणत्या. ज्याच्याकडं कागद नाही त्याच्यासाठी माहितीच्या अधिकारात अर्ज टाका. एकसारख्या केसेस एकत्र बांधा, म्हणजे एका वकिलात वीस माणसं बसतील. २०१७ च्या परिपत्रकाची आणि २००५ च्या कायद्याची नक्कल खिशात ठेवा आणि साहेबाच्या टेबलावर आपटा. कोर्टाच्या तारखेला म्हातारा एकटा जाता कामा नये.

दर नोव्हेंबरात ही माणसं हयातीचा दाखला द्यायला बँकेच्या दारात रांग लावतात. आपण अजून मेलो नाही, एवढं सरकारला सही करून सांगायला. या नोव्हेंबरात त्या रांगेपाशी वही-पेन घेऊन उभे राहा आणि प्रत्येकाला पहिला प्रश्न विचारा: काका, पहिला लाभ कुठल्या तारखेपासून दिला?

जय भीम.